जरा धर !

आपल्या मध्यमवर्गीय मराठी घरांत सकाळपासून रात्रीपर्यंत जीं वाक्यें वारंवार कानीं पडतात, त्यांत ‘जरा धर’ या दोन शब्दांच्या वाक्याचा क्रम बराच वर लागेल असें आम्हांस वाटतें. धुतलेली चादर पिळावयाची असो, डब्यांतलें तेल नसराळ्यानें बरणींत ओतावयाचें असो, माळ्यावरचा हंडा उतरावयाचा असो, किंवा दिवाळीच्या आधीं भिंतीवरच्या तसबिरी पुसावयाच्या असोत. काम करणारा एक आणि ‘जरा धरणारा’ दुसरा अशी जोडी जमल्याखेरीज आपल्याकडे कामास हात लागत नाहीं. यांतील ‘जरा’ या शब्दावर मात्र वाचकांनीं विश्वास ठेवूं नये. शिडी धरून उभ्या असलेल्या मुलानें वर पाहिलें तर त्यास वडिलांचे तळवे दिसतात, समोर पाहिलें तर खेळास बोलावणारे मित्र फाटकाशीं ताटकळलेले दिसतात, आणि ‘जरा’ संपण्याचें चिन्ह दोन्हींकडे दिसत नाहीं. आम्हीं स्वतः लहानपणीं शिड्या, कंदील, सुताच्या लडी, सायकली आणि एकदां तर आजोबांचा नवा आरसा इतका वेळ धरला आहे, कीं त्या तासांची बेरीज केली असतां एखादी लहानशी परीक्षा पास होण्याइतका अभ्यास त्यांत सहज झाला असता.

ही चाल आळसांतून निघालेली नाहीं हेंहि येथें सांगितलें पाहिजे. ज्या घरांत माणसें पुष्कळ व साधनें थोडीं, त्या घरांत माणूस हेंच साधन होऊन बसतो. कंदिलाची खुंटी, टेबलाचा चौथा पाय, दाराची कडी, हीं सर्व कामें आपल्या घरांतील लहान मुलांनीं वेळोवेळीं केलेलीं आहेत. त्यांत कांहीं गोडीहि होती. ज्याला धरावयास सांगितलें, त्याला त्या कामाचा भागीदार केल्यासारखें होई, आणि काम झाल्यावर ‘आम्हीं दोघांनीं केलें’ असें म्हणण्याचा अधिकार त्यास मिळे. परंतु या मायेच्या रीतीस एक मर्यादा आहे, आणि ती मर्यादा आम्हांस जिच्यापाशीं उमगली ती वस्तु म्हणजे मोटारसायकल.

सायकल होती तोंवर ही मर्यादा दिसण्याचें कारण नव्हतें. साधी सायकल वीस किलोंच्या आंतबाहेर भरते. पंक्चर काढावयाचें झालें कीं ती सरळ उलटी करावी, सीट व हँडल जमिनीस टेकवावें, आणि दोन्ही चाकें आभाळाकडे करून हवें तें करावें. कोणी धरलें तर ठीक, नाहीं धरलें तरी ठीक. पडलीच तर फार झालें तर घंटी वांकडी होई. मोटारसायकल अशी उलटी करतां येत नाहीं. तिच्या पोटांत पेट्रोल आहे, इंजिनांत तेल आहे, जुन्या पद्धतीची बॅटरी असेल तर तींत आम्ल आहे. आणि मुख्य म्हणजे तिला वजन आहे. आपल्याकडे घरोघर दिसणारी शंभर सी. सी. ची गाडी सुमारें ११० किलोंची, आणि बुलेट १९० किलोंच्या आसपास. सायकलीच्या संवयी मात्र आपण जशाच्या तशा या नव्या वाहनाकडे आणल्या, आणि त्यांबरोबर ‘जरा धर’ हें वाक्यहि आणलें.

हें वाहन आमच्या परभणी जिल्ह्यांत सामान्य गृहस्थाच्या ओसरीपर्यंत पोंचण्यास बराच काळ लागला. मद्रासेंत बुलेटची जुळणी १९५५ सालीं सुरू झाली, म्हैसूरांत जावा १९६१ सालापासून तयार होऊं लागली. पण त्या गाड्या जमादार, बागाईतदार किंवा एखादा हौशी डॉक्टर यांच्या. १९८५ च्या सुमारास थोड्या पेट्रोलांत पुष्कळ चालणाऱ्या शंभर सी. सी. च्या गाड्या बाजारांत आल्या, त्याच वर्षीं आमच्याच मराठवाड्यांत औरंगाबादेजवळ, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराजवळ, वाळूज येथें बजाजचा कारखाना उभा राहिला, आणि त्यानंतर हळूहळू शिक्षक, कारकून, लहान शेतकरी यांच्या दारांत मोटारसायकल दिसूं लागली. आतां तर तिच्यावांचून जिल्ह्याचें पान हलत नाहीं. जिंतूरकडचा दूधवाला दोन्ही बाजूंस कॅन लटकावून तिच्यावरच येतो. मानवतच्या बाजारांत कापसाचा भाव विचारावयास शेतकरी तिच्यावरच जातो. आणि वृद्ध आईस मागें बसवून गंगाखेडला गोदावरीच्या स्नानास नेणारा मुलगाहि तिच्यावरच दिसतो. असें हें घरांतील कर्तें वाहन. त्याची निगा घरींच राखावी असें गृहस्थास वाटलें तर त्यांत नवल नाहीं. चेन साफ करून तिला तेल देणें, तिचा ताण पाहणें, चाक हातानें फिरवून ब्रेक घासतो कीं काय तें बघणें, हीं कामें कांहीं मोठ्या विद्येचीं नव्हेत. कित्येक गाड्यांच्या माहितीपुस्तकांत ५०० ते १००० किलोमीटरांमागें चेनीकडे पाहावें असें लिहिलेलें असतें. रोज गांवाकडे जाणें-येणें असणाऱ्यास एवढें अंतर दोन-तीन आठवड्यांत होतें. दर वेळीं कारागिराकडे जाण्यापेक्षां रविवारची सकाळ त्यास दिली तर पैसा वांचतो, आणि आपण रोज कशावर बसतों याचें थोडेंबहुत ज्ञानहि होतें.

पण हीं सर्व कामें करावयाचीं तर मागचें चाक जमिनीपासून चार बोटें वर आलें पाहिजे. येथेंच सारी मेख आहे.

आमच्या गल्लींत कांहीं वर्षांपूर्वीं घडलेली गोष्ट आम्ही येथें सांगतों. एक गृहस्थ, स्वभावानें हौशी व हातानें कुशल, रविवारीं आपली गाडी खोलून बसत. गाडीचा मधला स्टँड, ज्यास लोक डबल स्टँड म्हणतात, झिजून एका बाजूनें वांकला होता. तो बदलण्याचें आज-उद्यां चाललें होतें. त्या दिवशीं मागचें चाक काढावयाचें होतें म्हणून त्यांनीं इंजिनाखालीं विटा रचल्या, गाडी त्यांवर टेकविली, आणि आपल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलास हँडलापाशीं उभें करून म्हणाले, ‘जरा धर.’ मुलानें धरलें. चाकाचा आंस गंजानें धरून बसला होता. गृहस्थांनीं त्यावर हातोडीचे घाव घातले. तिसऱ्या कीं चवथ्या घावास खालची वीट भुगा होऊन बसली, गाडी उजवीकडे कलली, आणि त्यांचा हात सायलेन्सराखालीं सांपडला. दोन बोटें मोडलीं. तीं पुढें महिन्या-दीड महिन्यांत नीट जुळलीं, हात पूर्ववत् झाला, गाडीहि दुरुस्त झाली. परंतु त्या क्षणीं, वेदनेच्या भरांत, त्यांच्या तोंडून एक वाक्य गेलें : ‘नीट धर म्हणलं होतं ना !’ मागाहून त्यांस त्याचा पश्चात्ताप झाला, त्यांनीं मुलास जवळ घेतलें, कितीदां तरी समजाविलें. पण तें वाक्य मुलाच्या ठिकाणीं जें रुतून बसलें तें बसलेंच. बोटांचीं हाडें जुळतात. हें जुळावयास फार वेळ लागतो.

या प्रकरणाचा विचार करतां करतां आम्हीं एके दिवशीं पेन्सिल घेऊन एक साधा हिशेब मांडला. शाळेंतील पदार्थविज्ञान ज्यास आठवतें अशा कोणाहि वाचकास तो पडताळून पाहतां येईल. गाडी ११० किलोंची धरावी, आणि तिचा गुरुत्वमध्य हँडलाच्या साधारण निम्म्या उंचीवर आहे असें मानावें. गाडी अगदीं सरळ उभी असतां तिला सांवरण्यास जवळजवळ कांहींच जोर लागत नाहीं. दोन बोटांनीं धरली तरी ती उभी राहते. म्हणूनच धरणाऱ्यास आणि धर म्हणणाऱ्यास दोघांसहि खोटा धीर येतो. ती ५ अंश कलली कीं हँडलापाशीं सुमारें ५ किलोंचा जोर लागतो. १० अंशांस तो साडेनऊ किलोंवर जातो, २० अंशांस एकोणिसांच्या जवळ, आणि ३० अंशांस साडेसत्तावीस. हा जोरहि गाडी त्या कोनांत स्थिर असेल तर. कोसळत्या गाडीस जी गति आलेली असते ती थोपविण्याचा जोर निराळाच. बुलेट असेल तर हेच आंकडे पावणेदोनपट करावे. आतां दहा-अकरा वर्षांच्या मुलाचें स्वतःचें वजन सरासरीनें तीस किलोंच्या आसपास असतें हें लक्षांत घेतलें, म्हणजे त्या सकाळीं काय घडलें तें उघड होतें. मुलाच्या हातून गाडी सुटली नाहीं; ती त्याच्या हातांत कधीं नव्हतीच. ती विटेच्या हातांत होती. मूल तेथें नसतें तरीहि ती पडली असती, आणि मुलाच्या जागीं पहिलवान असता तरी वीट फुटल्यावर त्यालाहि ती सांवरली असती असें खात्रीनें म्हणवत नाहीं.

नवल असें, कीं आपल्या आजोबांच्या पिढीस ही गोष्ट पुरती ठाऊक होती. बैलगाडीच्या चाकास वंगण घालावयाचें असे त्या वेळीं ते गाडीखालीं जाड लांकडाचा टेकू देत, तो हलत नाहीं याची खात्री करून घेत, आणि मगच चाक आंसावरून बाहेर ओढीत. भरल्या घरांत माणसांची वाण नव्हती. तरी चाक निघालेली गाडी कोणास ‘जरा धर’ म्हणून त्यांनीं धरावयास दिल्याचें आम्हीं पाहिलें वा ऐकिलें नाहीं. अवजड वस्तूस माणूस लावावयाचा नसतो, टेकू लावावयाचा असतो, हें त्यांस कोणी शिकविलें नव्हतें. वजनानेंच शिकविलें होतें. आपल्या पिढीच्या मोटारसायकलीस दोन चाकें आहेत व ती बोटांवर उभी राहते, म्हणून तिचें वजन आपणांस दिसत नाहीं एवढेंच.

आतां टेकूविषयीं. गाडीस जन्मतःच एक किंवा दोन टेकू दिलेले असतात. बाजूचा स्टँड हा गाडी उभी करून ठेवण्यासाठीं आहे, काम करण्यासाठीं नव्हे. त्यावर गाडी डावीकडे कललेली असते व दोन्ही चाकें जमिनीसच राहतात. शिवाय गाडी थोडी पुढें सरकली तर तो आपोआप मिटूं पाहतो, म्हणून उतारावर गाडीचें तोंड चढाकडे करून पहिल्या गिअरमध्यें ठेवावी लागते. खरा कामाचा टेकू म्हणजे मधला, दोन पायांचा स्टँड. याची रचना मोठी विचारपूर्वक केलेली आहे. त्यावर गाडी घेतांना ती थोडी वर चढते व थोडी मागें सरकते, आणि स्टँडाचे पाय सरळ उभ्या रेषेच्या किंचित् पुढें गेले कीं अडकून राहतात. मग गाडीचें वजनच त्यांस घट्ट दाबून धरतें. जें वजन आपणांस पाडण्यास टपलेलें, त्यासच पहाऱ्यास बसविण्याची ही युक्ति आहे.

या स्टँडावर गाडी चढविणें हें बळाचें काम आहे अशी जी समजूत आहे ती आम्हांस पटत नाहीं. आमच्या ओळखीचे कित्येक धट्टेकट्टे तरुण मागची दांडी धरून गाडी उपसूं लागतात, कंबर धरून बसतात, आणि स्टँडास शिव्या देतात. उलट आमच्या शेजारच्या एक शिडशिडीत बाई आपली गाडी रोज एका पावलानें चढवितात. रीत इतकीच आहे. गाडी न्यूट्रलमध्यें असावी, कारण तिला मागें सरकावयाचें आहे. आपण डाव्या बाजूस उभे राहून डावा हात हँडलावर व उजवा मागच्या दांडीवर ठेवावा. गाडी सरळ करावी. उजव्या पायानें स्टँड खालीं दाबावा, आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीस एकाच वेळीं टेकलेले पायास कळेपर्यंत थांबावें. हें थांबणें हाच त्यांतील मुख्य मंत्र. गाडी किंचित् डावी-उजवी केली कीं दोन्ही पाय टेकल्याची टकटक स्पष्ट जाणवते. मग हातांनीं ओढूं नये. आपल्या देहाचा सगळा भार त्या एका पायावर टाकावा. हात केवळ दिशा दाखवितात. गाडी चढते ती पायावर. तरीहि जड वाटलें तर मागच्या चाकाखालीं इंचभर जाडीची फळी घालून त्यावर चाक घ्यावें, म्हणजे चढण तेवढीच कमी होते.

तरफ आणि टेकू मिळाले तर पृथ्वी हलवीन असें आर्किमिडीज म्हणाल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. त्या कथेंत त्यानें आधीं उभें राहण्यास जागा मागितली होती हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. परभणीकरांस तें ध्यानांत ठेवणें भागच आहे. आमच्या जिल्ह्याची माती बहुतेक काळी. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन झालेली. पाणी प्याली कीं ती फुगते, आणि वैशाखांत आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्वारीस व कपाशीस ती मानवते, आणि १९७२ सालीं परभणीस कृषि विद्यापीठ झाल्यापासून तिच्यावर पुष्कळ अभ्यासहि झाला आहे. पण घराच्या पायास आणि गाडीच्या स्टँडास ती दगा देते. पावसाळ्यांत संध्याकाळीं अंगणांत बाजूच्या स्टँडावर ठेवलेली गाडी सकाळीं आडवी झालेली आढळते, कारण रात्रीं भिजलेल्या मातींत स्टँडाचा बोटाएवढा पाय हळूहळू रुतलेला असतो. खेड्यांतील माणसें म्हणून त्याखालीं चपटा दगड किंवा फळीचा तुकडा सारतात. घरांत शहाबादी फरशी असली तरी निश्चिंत राहूं नये. खालची माती फुगल्यामुळें एखादी फरशी दुसरीहून बोटभर वर आलेली असते, आणि स्टँडाचा एक पाय एकीवर व दुसरा दुसरीवर पडला तर गाडी जन्मभर लंगडीच उभी राहील. तिच्यावर तेल सांडलेलें असेल तर विचारूंच नये. म्हणून आधीं जागा पाहावी, सपाट, कोरडी व टणक. ती पाहण्यास लागलेलीं पांच मिनिटें हीं कामाचींच होत. उतार टाळतां येत नसेल तर मधल्या स्टँडावर गाडी घेतांना तिचें तोंड उताराकडे कधीं करूं नये. पुढें ढकलली गेली कीं ती स्टँडावरून उतरते, आणि उतार तिला सतत पुढेंच ढकलीत असतो.

हल्लींच्या कित्येक देखण्या गाड्यांस मधला स्टँडच नसतो. त्यांच्या धन्यांस बाजारांतून वेगळा उचलण्याचा स्टँड आणावा लागतो, त्यास पॅडॉक स्टँड म्हणतात. मागच्या चाकास दोन्ही बाजूंनीं धरणारा जो लोखंडी भाग, ज्यास कारागीर चिमटा म्हणतात, त्याखालीं हा स्टँड सारून त्याची लांब दांडी खालीं दाबली कीं मागचें चाक अलगद वर येतें. येथें मात्र आम्ही ‘जरा धर’ या वाक्यास मानाची जागा देतों. स्टँडाचे दोन्ही हात आपापल्या जागीं नीट बसेपर्यंत गाडी सरळ उभी राहिली पाहिजे, आणि तेवढ्यापुरतें कोणा मोठ्या माणसानें हँडल धरून पुढचा ब्रेक दाबून ठेवणें हेंच शहाणपणाचें. गाडी सरळ असल्यामुळें त्यास जोर पडत नाहीं, आणि ‘बसली’ असें म्हणतांच त्याची सुटका होते. पुढचें चाकहि उचलावयाचें असेल तर आधीं मागचा स्टँड लावावा, मग पुढचा. उतरवितांना पुढचा आधीं काढावा. पुढची बाजू एकटी उचलली तर मागें तिला आवर घालणारें कांहीं राहत नाहीं. जॅक लावावयाचा झाल्यास तो सायलेन्सराच्या नळीखालीं लावूं नये. सांगाड्याच्या भक्कम भागाखालीं, मध्यें लांकडाचा ठोकळा घालून लावावा. विटा मात्र गाडीखालीं कधींच नसाव्या. वीट भिंतींत असते तेव्हां शेकडों सोबत्यांच्या आधारानें उभी असते. एकटीवर ठोके पडले कीं ती सांगून न सवरतां फुटते.

गाडी वर गेल्यानंतरच्या दोन-चार गोष्टी. घट्ट बसलेला नट गाडी जमिनीवर असतांनाच ढिला करून घ्यावा, पुरता काढूं नये. स्टँडावर चढल्यानंतर पान्यास झोके देणें म्हणजे गाडीलाच झोके देणें होय. चाक काढलें कीं गाडीचा तोल बदलतो हें विसरूं नये. मागचें निघालें कीं भार पुढें झुकतो, पुढचें निघालें कीं मागें, म्हणून काढण्यापूर्वींच दुसरा टेकू देऊन ठेवावा. आणि चेन पुसावयाची ती इंजिन बंद करून, किल्ली खिशांत घालून, चाक हातानें फिरवीत. इंजिन चालूं ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनीस फडकें लावणारे चतुर लोक आम्हीं पाहिले आहेत; वेळ वांचतो असें ते म्हणतात. फडकें चेनीबरोबर दांतेरी चाकांत गेलें कीं त्यामागोमाग बोटें जातात, आणि तीं मोडून जुळण्यासारखीं राहत नाहींत.

एक नियम आमच्या घरचा आहे, तो आमच्या सौभाग्यवतींनीं घालून दिलेला. गाडी स्टँडावर चढली कीं आम्ही लगेच खालीं बसूं लागतों न लागतों तोंच त्यांचा शब्द येतो, ‘अहो, आधीं हलवून बघा. पडायचीच असेल तर आपण उभे आहों तोंवर पडूं द्या.’ मग मागची दांडी धरून गाडीस दोन-तीन हिसके द्यावयाचे, आणि ती हूं कीं चूं न करतां उभी राहिली तर मगच गुडघे टेकावयाचे. यंत्रशास्त्राच्या ग्रंथांत याहून सोपा आणि याहून उपयुक्त नियम आम्हांस आढळला नाहीं. तो नुसत्या गाडीपुरता आहे असेंहि नाहीं. त्यांच्या हातीं त्या वेळीं बहुधा विजेरी असते, आणि ती मात्र त्यांनीं खुशाल धरावी, कारण ती पडली तर फार झालें तर कांच फुटेल.

तो शेजारचा मुलगा आतां मोठा होऊन तंत्रनिकेतनांत शिकतो. हुशार आहे, नम्र आहे. पण घरांतल्या गाडीस पाना लावावयाचा झाला कीं कांहींतरी निमित्त काढून दूर होतो. मागील दिवाळींत तो फराळास आला असतां आम्हीं वर दिलेला हिशेब एका कागदावर मांडून त्याच्यापुढें ठेवला. त्याच्या शास्त्रांत तो आमच्याहून पुढें गेलेला, तेव्हां त्यास समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यानें अंश पाहिले, किलो पाहिले, एके ठिकाणीं आमचा दशांश दुरुस्त केला. बराच वेळ तो कांहीं बोलला नाहीं. मग कागदाची घडी खिशांत घालीत म्हणाला, ‘पण काका, मी सोडली नव्हती.’ आम्हीं म्हटलें, ‘हा कागद तेंच सांगतो.’ पुढें त्याच्या घरीं काय बोलणें झालें तें आम्हीं विचारलें नाहीं. मात्र गेल्या महिन्यांत बाप-लेक दोघे मिळून गाडीस नवा मधला स्टँड बसवीत असलेले आमच्या खिडकींतून दिसले. गाडी पक्क्या लोखंडी घोडीवर होती, आणि तिला कोणीहि धरलेलें नव्हतें.

घरांतील माणसांचे हात हे आपल्याकडे फार स्वस्त समजले जातात. हांक मारली कीं हजर. म्हणून जेथें चार लांकडांचा किंवा दोन लोखंडी पायांचा टेकू पुरेल, तेथें आपण ते लावतों, आणि अपेश आलें कीं टेकूस न देतां येणारा दोष माणसास देतों. ज्या वस्तूस टेकू देतां येतो तिला टेकूच द्यावा. ज्यांस टेकू देतां येत नाहीं असें घरांत पुष्कळ आहे : न्हाणींतून बाहेर येणारे म्हातारे वडील आहेत, पहिलें पाऊल टाकणारें मूल आहे, तापानें उठतां न येणारें माणूस आहे. ‘जरा धर’ हें वाक्य त्यांच्यासाठीं राखून ठेवावें, आणि त्या वेळीं धरणाऱ्याचे हात मोकळे असावेत.